तीनशे अकरा जणांचे पाय

नेव्हिल क्विल्टी चुकत नसे. बर्नीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण नेव्हिल ती स्वतःच सगळ्यांना सांगत असे. तो बूट करायचा. दुकानातले तयार बूट ज्यांना होत नाहीत अशांसाठी. कुणाचा पाय पोलिओने वाळलेला, कुणाची बोटं संधिवाताने एकमेकांवर चढलेली, कुणाच्या पायावरून तरुणपणी काहीतरी जड गेलेलं. टास्मानियाच्या या उत्तर किनाऱ्यावर अशा पायांना तोटा नाही आणि त्यांच्यासाठी बूट करणारा दुसरा माणूस नाही. त्यामुळे नेव्हिलच्या न चुकण्याला स्पर्धाही नव्हती.

त्याचा बाप अँब्रोज हेच काम करायचा, पण जुन्या पद्धतीने. म्हणजे गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, आपण समोर स्टुलावर बसायचं, त्याचा उघडा पाय मांडीवर घ्यायचा आणि अर्धा तास दाबून, वळवून, टेप गुंडाळून बघत राहायचं. मग कागदावर पायाची रेघ काढायची आणि लाकडाचा ठोकळा कानशीने घासून घासून त्या पायाचा फर्मा करायचा. दुकानाच्या आढ्याला असे शेकडो फर्मे नावांच्या चिठ्ठ्या लावून टांगलेले असत. नेव्हिलला लहानपणापासून या सगळ्याची लाज वाटे. शिकल्यासवरलेल्या माणसाने लोकांचे पाय मांडीवर घेऊन बसू नये, असं त्याचं मत होतं. बाप गेल्यावर फार दिवस न घालवता, १९९२ साली, त्याने ते अमलात आणलं. मेलबर्नच्या एका प्रदर्शनातून तो वर्कस्टेशन घेऊन आला.

वर्कस्टेशन म्हणजे साधा संगणक नव्हे. साधा संगणक पोरांना खेळायला असतो, वर्कस्टेशन इंजिनियर लोक वापरतात. हा फरक नेव्हिल पत्रं टाकायला येणाऱ्या पोस्टमनलासुद्धा समजावून सांगायचा. पिझ्झाच्या खोक्यासारखी चपटी करडी पेटी, तिच्यावर एकट्या माणसाला उचलणार नाही असा पडदा, शेजारी पाय मोजणारा एक लोखंडी हात आणि मागच्या खोलीत लाकूड कोरणारं यंत्र. गिऱ्हाइकाने चौकटीत पाय ठेवायचा. तो हात पायाभोवती एक फेरी मारायचा आणि अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक असा पाय पेटीत जाऊन बसायचा. पुढे त्या माणसाला केव्हाही बूट हवे झाले की नेव्हिलने कळ दाबायची, मागच्या खोलीत फर्मा तयार.

"एकदा मोजलं की जन्माचं मोजलं," तो सांगायचा. "तुम्ही यायचं कामच नाही. नुसता फोन करा."

बापाचे फर्मे त्याने पहिल्याच हिवाळ्यात शेगडीत घातले. पुढे बूट तयार झाले की नवे फर्मेही तो जाळायला लागला. सगळं पेटीत असताना लाकडं सांभाळत बसायला तो काही अडाणी नव्हता. पंधरा वर्षं क्विल्टींचं दुकान गिऱ्हाइकांच्या पायांवर ऊबदार राहिलं. ही सगळी यंत्रं बनवणारी कंपनी चार वर्षांत बुडाली, तेव्हा नेव्हिलला कंपनीची दया आली. काळाच्या फार पुढे असलं की असं होतं, हे त्याला स्वतःच्या अनुभवावरून माहीत होतं.

काउंटरवर त्याची थोरली बहीण मर्ना बसायची. तिने उरलेल्या अस्तराच्या कापडाचं त्या पेटीला झाकण शिवलं होतं. नेव्हिलशी वाद घालणं तिने साधारण १९७१च्या सुमाराला सोडून दिलं होतं.

२००७च्या जुलैत, ऐन थंडीत, त्या पेटीतून आवाज यायला लागला. आत बसून कुणीतरी खडे दळतंय असा. मग एका सकाळी पेटी सुरूच होईना. नेव्हिलने ती उचलून आडवी हिसडली, बाजूला एक थप्पड दिली, तेव्हा कुरकुरत उठली. त्यानंतर तो रोजचाच रिवाज झाला. इंजिनियर लोक वापरतात ते यंत्र रोज सकाळी थोबाडीत खाऊन कामावर यायला लागलं.

"नेव्ह, ती डिस्क मरायला टेकलीय," मर्ना म्हणाली.

"डिस्क मरत नसते. थंडीने आखडलीय."

"थंडीने तूही आखडतोस. पण तुझ्यातून असला आवाज येत नाही."

"मला कळतं त्यातलं."

"कळत असेल बाबा. पण तिच्यात तीनशे अकरा जणांचे पाय आहेत. आणि आढ्याला आता काही टांगलेलं नाही. टिबोरकडे जा."

टिबोर सोल्तेश अल्व्हरस्टनला राहायचा, बर्नीहून गाडीने पंचवीस मिनिटांवर. लहानपणी आईबापांबरोबर हंगेरीतून आला, एका सागरी संशोधन केंद्रात तीस वर्षं संगणकांची देखभाल केली आणि निवृत्त झाल्यावर केंद्राने फेकून दिलेली सगळी यंत्रं उचलून आपल्या शेडमध्ये भरली. नेव्हिलला तो आवडत नसे. टिबोरला खरोखरच त्यातलं कळायचं, एवढं एकच कारण होतं.

शुक्रवारी नेव्हिल त्याच्याकडे गेला. टिबोरने खोक्यांच्या ढिगातून नेमकी तशीच डिस्क काढली. तीच कंपनी, तेच मॉडेल, तेवढीच जागा.

"सख्खी बहीण आहे तुझ्या डिस्कची," तो म्हणाला. "फारशी वापरलेली नाही. मी इथेच फॉरमॅट करून देतो. वीसेक मिनिटं लागतील. कॉफी घे तोवर."

"मला कॉफी चालत नाही. आणि फॉरमॅट मी करीन. पंधरा वर्षं मी चालवतोय ते यंत्र."

"चालवतोयस रे. मी पंधरा वर्षं ट्रेनमध्ये बसलो, म्हणून मला कुणी इंजिन उघडायला दिलं नाही." टिबोरने डिस्क पिशवीत घातली. "बरं, जुन्या डिस्कची टेपवर नक्कल आहे ना?"

नक्कल नव्हती. टेप फिरवणाऱ्या यंत्राचं रबरी चाक कधीच वितळून त्याचा गुळाचा पाक झाला होता. ते नेव्हिलने सात वर्षांपूर्वी पाहिलं होतं आणि झाकण परत लावून टाकलं होतं.

"मग ऐक," टिबोर म्हणाला. "मंगळवारी मी माझं टेपचं यंत्र घेऊन येतो. आधी जुनीची नक्कल, मग बाकी सगळं. तोवर हात लावू नकोस."

"नुसती आत बसवून ठेवतो."

"बसवूही नकोस." टिबोरने त्याच्याकडे पाहिलं आणि हात टेकले. सुरू करायची सीडी आणि ती वाचायचा बाहेरचा डबाही त्याने पिशवीत टाकला. "तू बसवणारच. तर मग एक लक्षात ठेव. डिस्कच्या मागे बारीक पिना असतात, त्यांवर टोपी घालून नंबर ठरवतात. तुझ्या जुनीचा नंबर तीन असेल, नवीला शून्य दे. पण हे यंत्र जिचा नंबर तीन तिला म्हणतं शून्य. आणि जिचा नंबर शून्य तिला म्हणतं तीन."

"का?"

"ज्याने बनवलं त्याला तसं वाटलं. मला नको विचारूस, मी नुसता त्यावर पगार घेतला." आणि त्याने ते एका कागदावर लिहून दिलं, मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून.

परतताना नेव्हिलला त्याची कीव आली. पन्नास वर्षं झाली बिचाऱ्याला इथे येऊन, अजून आकडे उलटसुलट सांगतो.

शनिवारी दुपारी दुकान बंद झालं. मर्ना चर्चच्या विक्रीला लॅमिंग्टन केकचे दोन ट्रे घेऊन निघाली होती. दारातून तिने वळून पाहिलं.

"मंगळवार म्हणाला होता ना तो?"

"नुसती बसवतोय गं."

"हं," मर्ना म्हणाली. १९७१नंतर ती एवढंच म्हणत असे.

नेव्हिलने रेडिओवर फुटबॉलचा सामना लावला, झाकणाचे स्क्रू काढले आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा पेटीच्या आत पाहिलं. आत कातड्याच्या भुशाची गादी तयार झाली होती आणि तिच्यावर एक मेलेला कोळी पाय मुडपून पडला होता. एवढं ऊबदार घर त्याला बर्नीत दुसरं मिळालं नसतं. नेव्हिलने ब्रशने भुसा झाडला. जुन्या डिस्कच्या मागे पाहिलं: नंबर तीन. म्हणजे एवढं तरी म्हातारा बरोबर बोलला होता. नव्या डिस्कवरच्या टोप्या मुंगीला होतील एवढ्या. शिवणीतले दोरे उपटायच्या चिमट्याने त्याने त्या काढल्या: नंबर शून्य. चार स्क्रूंपैकी एक आत पडला, तो काढायला सगळी पेटी उलटी करून हलवावी लागली. मग चपटी केबल दोन्ही डिस्कना जोडली, वीज दिली, झाकण लावलं. अर्ध्या तासात काम झालं. कसबी हात होता त्याचा, हे त्याच्या वैऱ्यालाही कबूल करावं लागलं असतं.

इथे तो थांबला असता तर ही गोष्ट सांगायचं कारण नव्हतं. पण सामन्याचं मध्यंतर व्हायचं होतं, सीडी समोर होती, आणि मंगळवारी टिबोर दारात येईल तेव्हा त्याला "झालं की सगळं" असं म्हणायचं नेव्हिलच्या मनात आलं. ते वाक्य त्याने एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. बरं वाटलं.

सीडीवरून यंत्र सुरू झालं. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं उमटली. फॉरमॅट करायच्या प्रोग्रॅमने विचारलं, कोणती डिस्क? आणि दोन डिस्क दाखवल्या, शून्य आणि तीन. नाव एक, जागा एक, सगळं एक.

नेव्हिलने विचार केला. जुनीवर आपण डोळ्यांनी तीन पाहिला. नवीवर आपल्या हाताने शून्य घातला. तर तीन ही जुनी आणि शून्य ही नवी. यात गोंधळायला जागाच कुठे आहे? टिबोरच्या कागदावर नेमकं उलटं लिहिलं होतं. नेव्हिलने कानामागची पेन्सिल काढली, कागदावरचे शून्य आणि तीन बाणांनी अदलाबदल करून दुरुस्त केले आणि मंगळवारी कागद परत करताना हे हळूच, न दुखावता दाखवू असं ठरवलं. मग शून्य टाइप केलं.

यंत्र सभ्य होतं. त्याने बजावलं की या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. एकदा सुरू झाल्यावर मध्येच थांबवता येणार नाही. पुढे जायचं?

जायचं, असं नेव्हिलने कळवलं.

पुढची वीस मिनिटं त्याच्या आयुष्यातली फार सुखाची होती. त्याने चहा केला. स्कॅलपची पेस्ट्री गरम केली, म्हणजे आमच्याकडची पिवळ्या रश्श्यातल्या शिंपल्याच्या मऊ मांसाची; ती खाताना हनुवटीवर ओघळ येणारच. खाताखाता त्याने पेटीला कान दिला. आतून खडे दळल्याचा आवाज येत होता. नवी डिस्कही अगदी जुनीसारखीच वाजते हे ऐकून त्याला समाधान वाटलं. जुन्या काळचा माल, म्हणाला, दणकट.

फॉरमॅट झालं, तपासणीही झाली. एक दोष नाही. आता जुन्या डिस्कवरचे पाय नवीवर आणायचे. नेव्हिलने तीन नंबरच्या डिस्कवर काय काय आहे ते दाखवायला सांगितलं. यादी सरकायला लागली.

क्रेफिश. नर. कवचाची लांबी. वजन.

क्रेफिश. मादी. कवचाची लांबी. वजन.

१९९४ सालच्या मार्चमध्ये टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पकडलेला, शेवंडीच्या जातीचा एकेक क्रेफिश पडद्यावरून शिस्तीत निघून गेला. नेव्हिल बघत राहिला. एवढ्यात गिऱ्हाइकांपैकी मिसेस गॅल्व्हिनचा तरी पाय येईल, या आशेने त्याने एप्रिलसुद्धा पाहिला. मे महिन्यात त्याला टिबोरचं सागरी संशोधन केंद्र आठवलं.

त्याने पेटी बंद केली आणि परत चालू केली. झाकण काढलं आणि परत लावलं. टिबोरचा कागद घेतला, आपण केलेली दुरुस्ती खोडरबराने पुसली, जणू कागद पूर्ववत झाला तर डिस्कही होईल. मग खुर्चीत बसला. रेडिओवर कुणीतरी गोल केला आणि हजारो माणसं आनंदाने ओरडली.

मर्ना आली तेव्हा तो तसाच बसलेला होता.

"बसली का?"

"बसली," नेव्हिल म्हणाला. खोटं नव्हतं ते.

रविवार त्याने कुणाशी न बोलता काढला. सोमवारी सकाळी नऊला फोन वाजला. बर्नाडेट गॅल्व्हिन, वय एक्याऐंशी, डावा पाय पोलिओचा. हिवाळी बूट हवे होते, नेहमीसारखेच, तपकिरी. नेव्हिलने मर्नाकडे पाठ केली.

"मिसेस गॅल्व्हिन, या खेपेला जरा... येऊन जाता का? यंत्राची तपासणी चाललीय. म्हणून नुसतं एकदा माप..."

पलीकडे खुर्ची सरकली. मग म्हातारीचा आवाज आला. "पाय मोजणार आहेस? माझे?"

"त्रास होणार असेल तर..."

"निघालेच मी."

वीस मिनिटांत टॅक्सी दारात. १९९३ नंतर ही बाई दुकानात आली नव्हती. तिला यायची गरजच नाही असं नेव्हिलने तिला सांगून ठेवलं होतं. आता मोजणारा हात चालत नव्हता, कारण त्याचा प्रोग्रॅमही शून्य नंबरच्या डिस्कबरोबर गेला होता. नेव्हिलने बापाचं स्टूल शोधलं. त्यावर रंगाचे डबे होते. डबे उतरवून तो त्यावर बसला, म्हातारीचा डावा बूट सोडवला आणि पाय मांडीवर घेतला.

बुटातून मूठभर लोकर बाहेर पडली. मेंढीची, दाबून दाबून करडी झालेली. तिच्यामागून फेल्टचे दोन तुकडे. त्यामागून घडी घातलेला मोजा.

"हे काय?" नेव्हिल म्हणाला.

"अरे, ते होय?" म्हातारी संकोचली. "ते जरा भरायला. डावा पाय वाळत जातो ना दरवर्षी थोडा. आणि सगळा भार उजव्यावर, म्हणून उजवा पसरलाय. उजव्या बुटात बोटं मावत नाहीत, पण मी बसताना काढून ठेवते."

"किती वर्षं?"

"लोकर होय? नऊ-दहा झाली असतील."

"दहा वर्षं! मग बोलला का नाहीत?"

"कशी बोलणार बाळा?" मिसेस गॅल्व्हिन म्हणाली. "तू म्हणाला होतास, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत बरोबर आहे. मला वाटलं माझाच पाय चुकला."

पाय नेव्हिलच्या हातात होता, थंडगार आणि पक्ष्यासारखा हलका. चवड्याखाली एक जुनं घट्टं होतं, त्याच्या बुटाने पाडलेलं. त्याचा अंगठा त्या घट्ट्यावर गेला आणि तिथेच राहिला. अर्ध्या तासाने त्याने कागद मागितला आणि पायाभोवती रेघ काढली. रेघ दोनदा काढावी लागली.

म्हातारी गेल्यावर त्याने ते फेल्टचे तुकडे काउंटरवर ठेवले. कापलेले सफाईने होते. कडा त्याच्याच दुकानातल्या कात्रीच्या.

"मर्ना, हे तू दिलेस?"

मर्नाने काउंटरखालचा ड्रॉवर ओढला. आत फेल्टच्या टाचा, चवडे, अर्धे तळ, मापाप्रमाणे रबरबँड लावून. शेजारी लोकरीच्या पुड्या, कातडं ताणायचा फवारा आणि बुटांबरोबर पाठवायच्या कागदी पिशव्यांचा गठ्ठा. एखाद्या कंपनीने माल भरावा तसं सगळं व्यवस्थित होतं.

"सगळ्यांना?" नेव्हिल म्हणाला.

"सगळ्यांना नाही रे. काहींना बूट होतात." तिने जरा आठवून पाहिलं. "पिल्बीम मास्तरांना होतात. त्यांचे दोन्ही पाय लाकडी आहेत."

"आणि मला सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. अठ्ठ्याण्णव साली. तू म्हणालास, यंत्र चुकत नाही. मग मी विचार केला, यंत्र नाही चुकत तर न चुको बापडं, लोकांना चालता तर आलं पाहिजे."

तेव्हा नेव्हिलने तिला क्रेफिशचं सांगितलं. सगळं. पेन्सिलीच्या बाणांसकट. मर्नाने ऐकून घेतलं. तिचा चेहरा हलला नाही, पण तिने ड्रॉवर बंद केला, मागच्या खोलीत गेली आणि तिथून बराच वेळ नाक शिंकरल्यासारखे आवाज येत राहिले. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती अत्यंत गंभीर होती.

"म्हणजे सगळे पाय गेले," ती म्हणाली.

"सगळे."

"देवाची कृपा," मर्ना म्हणाली.

मंगळवारी टिबोर टेपचं यंत्र घेऊन आला. नेव्हिलने त्याला कागद परत केला. कागदावर खोडलेल्या बाणांचे ठसे स्पष्ट होते. टिबोरने तो खिडकीशी नेऊन उजेडात धरला, बाणांवरून बोट फिरवलं आणि घडी घालून खिशात ठेवला.

"परत येईल का रे काही?" नेव्हिलने विचारलं.

"नाही."

"एखादी कंपनी असेल ना अशी? सिडनीत वगैरे?"

"साधं पुसलं असतंस तर आलं असतं थोडंफार. तू घासून धुऊन वाळत घातलंस." टिबोर खाली बसला. "एक विचारू? वीस मिनिटं ती डिस्क ओरडत असेल. तुला ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"मला वाटलं दणकट आहे."

टिबोरने यावर काही म्हटलं नाही. एवढा चांगुलपणा नेव्हिलला अपेक्षित नव्हता आणि तो त्याला बोचला. मग टिबोरने पेटी उघडली, जुनी डिस्क काढून टाकली, आणि क्रेफिशवाली डिस्क एकटी ठेवून वीस मिनिटांत फॉरमॅट केली. तेवढ्या वेळात नेव्हिलने त्याच्यासाठी कॉफी केली. ती इतकी वाईट झाली होती की टिबोरने दुसऱ्यांदा मागितली नाही. पाय मोजायचा प्रोग्रॅम अकरा फ्लॉपींवर होता. मर्नाने त्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. नववी फ्लॉपी वाचता वाचता तीनदा अडली, चौथ्यांदा वाचली. संध्याकाळी लोखंडी हात हवेत एक फेरी मारून जागेवर आला.

आता पाय तेवढे हवे होते.

मर्नाने वही काढली आणि फोन करायला बसली. तीनशे अकरापैकी अठ्ठावन्न जण वारले होते. त्यांचे पाय मात्र गेल्या शनिवारपर्यंत अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक होते. चौदा जण दुसरीकडे राहायला गेले होते. बाकीचे यायला लागले. अशी गर्दी क्विल्टींच्या दुकानात कधी झाली नव्हती. म्हाताऱ्या माणसांनी बाकावर रांगेत बसून बूट काढले, आणि बुटांतून लोकर निघाली, स्पंज निघाला, गुंडाळलेलं वर्तमानपत्र निघालं. एकाच्या बुटात कारच्या सीटचा तुकडा होता. पहिल्या दिवशी सगळे लाजत होते. दुसऱ्या दिवशी एकमेकांना दाखवायला लागले. तिसऱ्या दिवशी सेक ड्रान्सफील्ड आला.

सेक शेतकरी. तिशीत असताना स्वतःचाच ट्रॅक्टर स्वतःच्या पायावरून घातलेला. त्याने पायांतल्या गमबुटासकट आत येऊन नेव्हिलचे बूट टेबलावर ठेवले. काळे, झगझगीत, तळाला एक ओरखडा नाही.

"हे तर कोरे आहेत," नेव्हिल म्हणाला.

"वापरतो की. इथे येताना. गाडीतून उतरायच्या आधी घालतो, परत गाडीत बसलो की काढतो."

"आणि एरवी?"

"एरवी गमबूट. दोन नंबर मोठे." सेकने मान हलवली. "पोरीच्या लग्नात घातले होते, नेव्ह. तुझी शपथ, चर्चमध्ये मी रडत होतो ना, ते लोकांना वाटलं पोरीसाठी."

बाकावरची सगळी म्हातारी माणसं हसली. मर्ना हसली. नेव्हिल हसला नाही. स्टुलावर बसून त्याने सेकचा पाय मांडीवर ओढला, गमबूट उपसून काढला आणि बोटांनी घोट्याचं हाड चाचपायला लागला. ते हाड पूर्वी मोजलं त्याच्यापेक्षा बरंच बाहेर आलं होतं, आणि हे कळायला यंत्र लागत नव्हतं.

"इथे दुखतं?"

"पंधरा वर्षं," सेक म्हणाला.

सगळे पाय परत पेटीत जायला ऑक्टोबर उजाडला. प्रत्येक पाय आधी नेव्हिलच्या मांडीवर, मग लोखंडी हातात, आणि प्रत्येकापुढे तारीख. दर दोन वर्षांनी पुन्हा मोजायचं, असं ठरलं. फर्मे जाळणं बंद झालं. दुकान गार पडलं म्हणून मर्नाने विजेची शेगडी आणली.

नोव्हेंबरात नेव्हिलने बर्नीच्या रोटरी क्लबात भाषण केलं. विषय: मानवी पाय आणि काळ. वयाप्रमाणे पाय बदलतो, पण या धंद्यातले लोक हे लक्षात घेत नाहीत, असं त्याने खेदाने सांगितलं. आपण मात्र एका विशिष्ट टप्प्यावर सगळी जुनी मापं बाजूला सारून नव्याने सुरुवात करायचा निर्णय घेतला, असंही तो म्हणाला. टिबोर मागच्या रांगेत बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच वेळ.

पण त्या भाषणाचं सुख नेव्हिलला फार दिवस पुरलं नाही. कारण बर्नीच्या लोकांना आता एक गोष्ट समजली होती, की नेव्हिल क्विल्टीला बोललं तर चालतं. मिसेस गॅल्व्हिन नवे तपकिरी बूट घालून काठीशिवाय बंदराच्या धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तिथून परतताना थेट दुकानात शिरली: टाच किंचित उंच झालीय, एवढीशी, आणि लेस फार लांब आहेत. दुसऱ्या दिवशी एकाला चवड्याशी सैल, एकीला घोट्याशी घट्ट. फोन वाजला की तक्रार, दार वाजलं की तक्रार. जी माणसं दहा-दहा वर्षं तोंडातून ब्र न काढता लोकर भरून चालत होती, त्यांना आता शिवणीचा एक टाकासुद्धा टोचायला लागला.

"आधी बरे होते हे लोक," नेव्हिल मर्नाला म्हणाला. "सभ्य होते."

"हं," मर्ना म्हणाली.

इतक्यात दार ढकलून सेक ड्रान्सफील्ड आत आला. गमबूट नव्हते. नवे बूट चिखलाने भरलेले, तळ झिजायला लागलेले. उंबऱ्यावर पाय झाडायच्या आधीच तो ओरडला, "नेव्ह! डावा चावतोय!"

"कुठे?" म्हणत नेव्हिलने पायानेच स्टूल पुढे ओढलं.